दुखतं तिथं लावायची गोळी

माझ्या सासूबाईंच्या तोंडाला वास यायचा. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मी बोलायची. तोंडावर नाही, पण भांडी आपटून, खिडकी उघडून, पदर नाकाला लावून बोलायची. मला किळस लवकर येते. लहानपणापासून तसंच आहे, आणि मी ते कधी लपवलं नाही. आता शिवणकाम करणाऱ्या बाईला असली किळस परवडत नाही, हेही खरं. बायका शेतातून थेट ब्लाउजचं माप द्यायला येतात, घामानं चिंब, आणि मला टेप त्यांच्या बगलेखालून फिरवावी लागते. मी श्वास धरते, माप घेते, दारात जाऊन श्वास सोडते. पण परकी बाई थोड्या वेळानं उठून जाते. सासूबाई घरातच असायच्या.

वास मिसरीचा होता. ज्यांच्या घरात ही भानगड नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर टाकायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजायची, हातावर चुरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. बसायचं म्हणजे ऊन अंगणात येईपर्यंत बसायचं. मग दुपारी जेवल्यावर. मग कुणी काही लागट बोललं की. कुणी काहीच बोललं नाही तरी. तोंडात काळं पाणी साचतं, ते ओट्याच्या कडेला पचकन थुंकायचं. ओट्याची ती बाजू मी किती वेळा घासली असेल, डाग काही गेला नाही. तवा वेगळा ठेवला होता, तेवढी मेहेरबानी. पण भाजताना जो ठसका उठायचा त्यानं माझे डोळे चुरचुरायचे आणि चुलीवरच्या पिठल्यालासुद्धा तंबाखू लागल्यागत वाटायचं.

मी जालना शहरात वाढलेली. लग्न होऊन तीर्थपुरीच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून आत असलेल्या या गावात आले. पहिल्याच सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर सासूबाई तोंडात बोट घालून बसलेल्या. त्यांनी तेच बोट पदराला पुसलं आणि माझ्या हातातला कप घेतला. तेव्हापासून आमचं दोघींचं जे काही होतं ते त्या बोटापाशी अडलेलं होतं. बाकी बाई वाईट नव्हती. कामाला वाघ होती. कापूस वेचायला उतरली की तरण्या बायका मागं राहायच्या. भांडण केलं तरी संध्याकाळी विसरायची. पण त्यांच्या हातचा घास मी कधी मनापासून खाल्ला नाही.

त्या साली कापसाची वेचणी ऐन जोरात होती. माणूस मिळत नव्हतं. त्यातच सासूबाईंची खालची दाढ सुजली. आधी नुसतं ठणकत होतं, त्या गालाला हात लावून वेचत राहिल्या. लवंग धरली, तुरटीनं खळखळून चुळा भरल्या, आणि मिसरी दुप्पट झाली. म्हणायच्या, "मिसरीनं बधिर होतं. दुखणं मरतं." दुखणं मेलं नाही, गाल तेवढा फुगला. आणि वास बदलला. मिसरीच्या वासाची मला इतक्या वर्षांत सवय झाली होती असं आता म्हणावं लागेल, कारण हा नवा वास त्याच्यावर ताण होता. सडका, गोडसर. उंदीर कुठंतरी पेटीमागं मरून पडावा आणि सापडू नये, तसा. त्या बोलायला लागल्या की समोरचं माणूस हळूच मान फिरवायचं.

माझा नवरा म्हणाला, "माय, दवाखान्यात जाऊन ये."

म्हणाला, आणि मळ्यात निघून गेला. आमच्या घरात बाप्यांची काळजी ही अशी असते, एक वाक्य टाकून मोकळी होते. मीच मशीन बंद केली आणि त्यांना घेऊन जीपनं घनसावंगीला गेले.

डॉक्टर बरा माणूस होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंनी पदर तोंडावरून काढलाच नाही. परक्या पुरुषासमोर, त्यातून शिकलेल्या, पांढरेशुभ्र कपडे घातलेल्या माणसासमोर काळे दात दाखवायची त्यांना लाज. "आ करा आजी," तो म्हणाला. त्यांनी पदराआड जरासा आ केला, कोंबडीनं चोच उघडावी एवढा. त्यानं टेबलाच्या पलीकडूनच बॅटरी मारली. वास तिथवर गेला असणार, कारण त्यानं खुर्ची थोडी मागं घेतली. मी ते बघितलं आणि मला त्याचा रागही आला आणि पटलंही. "दाढेच्या मुळाशी पू झालाय," तो म्हणाला. "सूज उतरू दे, मग दाढ काढून घ्या."

मागं एकदा तापात सासूबाईंना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं, तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या आणि ओठ सुजून तोंड ओळखू येईना झालं होतं. मी ते आठवणीनं सांगितलं. "मग यांना त्या घराण्यातलं काहीच चालणार नाही," डॉक्टर म्हणाला. "दुसऱ्या जातीची गोळी देतो. मॅक्रोलाइड म्हणतात. अॅझिथ्रोमायसिन. रोज एक, जेवणानंतर. मधी सोडायची नाही." सासूबाईंनी मान हलवली. मीही हलवली. गिळायची, असं त्यानं सांगितलं नाही. कोण सांगतं? पाहुण्याला भाकरी वाढल्यावर चावा आणि गिळा असं सांगतो का आपण?

त्या गोळ्या संपल्या. मी रोज विचारायची, "गोळी झाली का आत्याबाई?" त्या म्हणायच्या, "झाली." पट्टी मोकळी झालेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. पण सूज उतरायचं नाव नाही, उलट गालावरून खाली हनुवटीकडं सरकायला लागली. कातडी ताणून चकचकीत दिसायला लागली. आता त्यांच्या तोंडातून लाळ गळायची, आणि ती त्या पदरानं पुसायच्या, आणि तो पदर वाळून कडक व्हायचा. जेवताना घास एका बाजूनं आत जायचा आणि निम्मा त्याच बाजूनं बाहेर यायचा. आम्ही सगळे वेगवेगळ्या वेळी जेवायला लागलो. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

दुसऱ्या वेळी नवराच घनसावंगीला गेला, एकटा, आमची पिकअप घेऊन. माय पिकअपमध्ये बसली तर दिवसभर वास जात न्हाई, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण खत आणायचंय, जागा न्हाई, असं म्हणाला. रिकामी पट्टी डॉक्टरच्या पुढं टाकली आणि म्हणाला, गुण न्हाई आला. डॉक्टर म्हणाला, पेशंटला आणा. हा म्हणाला, आणतो, तोवर काहीतरी द्या. तोवर म्हणून त्यानं त्याच जातीतली जरा वरची गोळी दिली, क्लॅरिथ्रोमायसिन, आणि दोन दिवसांत घेऊन या म्हणून बजावलं. नवऱ्यानं घरी येऊन गोळ्यांची पिशवी मायच्या मांडीवर टाकली. "ह्या जल्दी गुण देतात म्हणे," तो म्हणाला. बजावलेलं तेवढं सोयीस्कर विसरला. पिवळ्या, लांबट, चांगल्या गुळगुळीत गोळ्या होत्या.

मग त्यानं आणखी एक केलं. मायची बाज माजघरातून उचलली आणि बाहेर शेळ्यांच्या पत्र्याखाली नेऊन टाकली. "हितं वारं लागतं, बरं वाटंल," म्हणाला. सासूबाई उशाला पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची पिशवी घेऊन शेळ्यांत जाऊन बसल्या. मला तेव्हा कशाची जास्त शिसारी आली ते सांगता येत नाही, त्या वासाची का त्या बाजेची. पण माजघरात वास येईनासा झाला आणि मी त्या दिवशी पोटभर जेवले, हेही खरं आहे.

पुढचं सगळं चटणीवरून उघडकीला आलं.

जवस भाजला, वाळलेली मिरची, लसूण, मीठ घेतलं आणि लोखंडी खलबत्त्यात कुटून चटणी केली. ती माझी नेहमीची चटणी, त्यात चुकायला काही नाही. नवऱ्यानं भाकरीवर घेतली, एक घास तोंडात घातला आणि ताटातच थुंकला.

"काय घातलंस ह्यात?"

"काय घालणार? रोजचंच."

"तूच खाऊन बघ."

मी चिमूटभर जिभेवर ठेवली. काय सांगू. कडू म्हणजे कारल्याचा नाही, कडुनिंबाचाही नाही. जिभेच्या मुळाशी जाऊन बसलेला, कल्हई गेलेला पितळी डाव चाटल्यासारखा कडू. पाणी प्यायले, तो पाण्यात गेला. गूळ खाल्ला, गूळ कडू झाला. नवरा अजून बडबडत होता, मसाल्याच्या डब्यात किडे झाले असतील, तुझं लक्ष कपड्यांत असतं. मी जवस चाखला, चांगला. मिरची चांगली. मग खलबत्ता उजेडात नेऊन आत बघितलं. तळाच्या खाचेत काळा गाळ चिकटलेला होता. नखानं उकरला आणि नाकाला लावला, तर मिसरी. आणि त्या काळ्यात बारीक बारीक पिवळी सालं, गोळीवरचं ते गुळगुळीत कवच असतं ना, त्याची.

माझ्या खलबत्त्यात मिसरी. ज्यात मी घरादाराला चटणी कुटून घालते त्या खलबत्त्यात. डोक्यात अशी तिडीक गेली की खलबत्ता तसाच हातात घेऊन मी पत्र्याखाली गेले. सासूबाई बाजेवर पाय सोडून, पुढं वाकून बसल्या होत्या. हनुवटीखालून लाळेची तार लोंबत होती.

"आत्याबाई, ह्यात काय कुटलं?"

"गोळी," त्या म्हणाल्या. आवाज बदललेला होता. तोंडात कढत घास धरून बोलावं तसा.

"गोळी कशाला कुटली?"

"कशाला म्हंजी? लावायला."

"कुठं लावायला?"

त्यांनी सुजलेल्या गालावर बोट ठेवलं. माझ्याकडं अशा बघत होत्या की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारून राह्यले. "दुखतं हितं. मंग गोळी पोटात टाकून काय उपेग? पोट थोडंच दुखून राह्यलंय माझं?"

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि मिसरीची डबी काढून मला दाखवली. अर्धी काळी, अर्धी पिवळट, दोन्ही नीट कालवलेलं. नुसती गोळी लावली तर थुंकीसंगं वाहून जाती, त्यांनी समजावलं. मिसरीत कालवली की दाढेत धरून राहती. दाढेत भोक पडलंय त्यात बोटानं दाबून भरायची, आणि वरून थुंकायचं न्हाई, तोंड मिटून बसायचं. लई कडू असती, पण कडू लागती म्हंजी आत कामाला लागली.

"आणि आधीच्या गोळ्या?"

"त्याबी दगडानं कुटून अशाच लावल्या. एकबी वाया घालवली न्हाई."

मला सगळ्यात चीड कशाची आली सांगू? त्यात डोकं होतं. बाईनं विचार केला होता, पद्धत काढली होती, मन लावून केली होती. आळस केला असता, गोळ्या उकिरड्यावर टाकल्या असत्या, तर मला तोंड भरून बोलता आलं असतं. तरी मी बोललेच. शेळ्या बावरून एका कोपऱ्यात गेल्या इतकी बोलले. गोळी पोटात जाते, पोटातून रक्तात मिसळते, रक्तातून गालात येते, एवढं शाळेतल्या पोरालाही कळतं, तुम्हाला कसं कळत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोटातलं तोंडात कसं यील?" त्या म्हणाल्या. "उलटी झाल्यावरच येतं."

मी उशाच्या पिशवीतून पट्टी घेतली, उरलेली गोळी काढली, पाण्याचा तांब्या उचलला. "आता माझ्यासमोर गिळा." त्यांनी तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेल्या. माझी करंगळी आडवी जाईल एवढीच फट पडली. गोळी कशीबशी आत सारली, पाणी ओतलं, तर पाणी तसंच ओठाच्या कोपऱ्यातून खाली आलं आणि पाण्यासंगं गोळीही पदरात पडली. त्यांनी ती उचलली, झटकली आणि परत ओठांत सारून बघितली. दुसऱ्यांदाही पडली. मी त्यांच्या गळ्याला हात लावला. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी दगड झाला होता. "आडवं पडता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पडलं की गळा धरतो."

आता माझा राग कुठच्या कुठं गेला आणि भीती वाटायला लागली. बाईचा श्वास अडणार होता. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नव्हती, माझ्या हाताला कळत होतं.

नवरा म्हणाला, "गोळ्या चालू हायेत ना? उद्या बघू."

"एकही गोळी पोटात गेली न्हाई," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जालन्याला न्यायचं. तुम्ही येता का मी एकटी नेऊ?" आणि त्याला चटणीचा सगळा उलगडा केला. तो आधी हसला. मग मायकडं बघितल्यावर हसायचा थांबला.

पिकअप खतं घेऊन गेलेली, म्हणून अंबडपर्यंत सीटवर चालणारी जीप धरली, तिथून जालन्याला दुसरी. त्या पहिल्या जीपमधले लोक मी विसरणार नाही. आम्ही बसलो आणि एकेकाचे रुमाल बाहेर निघाले. खिडकीजवळच्या एका धोतरवाल्यानं तोंड बाहेर काढलं ते अंबड येईपर्यंत आत घेतलं नाही. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "असल्या पेशंटला ॲम्बुलन्सनं न्यावं." मी तिला म्हणाले, "तुम्ही उतरा, ॲम्बुलन्सनं या." सासूबाईंनी माझा हात दाबला, गप म्हणून. त्यांनी तोंडाभोवती पदराचे दोन वेढे दिले होते, स्वतःचा वास स्वतःलाच कोंडून घेतला होता. त्यांचा श्वास घरघरत होता. मी त्यांच्या पाठीला हात टेकवून ती घरघर मोजत बसले होते, म्हणजे आकडे नाही, नुसतं थांबत तर नाही ना एवढंच. मला उमासे येत होते. येत होते, आणि मला सरकून बसायला जागा नव्हती.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाई होती, माझ्याच वयाची. तिनं पदर सोडवला, सासूबाईंच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि दोन बोटांनी हनुवटीखाली दाबलं. नाक मुरडलं नाही. मला त्या बाईचं फार आश्चर्य वाटलं.

"आत्तापर्यंत काय औषध झालं?"

नवऱ्यानं पाठ म्हणून दाखवलं. अॅझिथ्रोमायसिन झाली. मग क्लॅरिथ्रोमायसिन चालू आहे. दोन्हीचा गुण न्हाई. पेनिसिलिन चालत न्हाई.

"दोन्हींना दाद देत नाही म्हणजे अवघड आहे," ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहायला लागली.

जीपमध्ये बसताना नवऱ्यानं मला सांगितलं होतं, तिथं ते कुटण्याचं काही बोलू नको, लोक हसतील. मी म्हणाले, "मॅडम, पोटात एकही गेलेली नाही. त्यांनी सगळ्या कुटून मिसरीत कालवून दाढेत भरल्यात."

पेन थांबलं. "एकही नाही?"

"एकही नाही."

तिनं आधी सासूबाईंकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "इतके दिवस यांच्या तोंडात कुणी बघितलं नाही का?" नवऱ्यानं भिंतीकडं बघितलं. "हे सांगितलंत ते बरं केलं," ती मला म्हणाली. "नाहीतर मी त्या गोळ्यांना नावं ठेवत बसले असते. सूज श्वासाच्या वाटेवर आलीय. आत्ताच चिरा देऊन पू काढावा लागेल. वाटेत श्वास अडला असता तर तुम्ही काहीही करू शकला नसता."

चिरा दिला, दाढ काढली. नंतर नर्सनं एका ट्रेमध्ये दाढेच्या खोबणीतून निघालेला लगदा दाखवला. काळा, पिवळा, मध्ये कापसासारखं काहीतरी. औषध, तंबाखू, पू आणि भाकरीचे कण, सगळं एकत्र कुजलेलं. कशाला दाखवला कोण जाणे. मी बेसिनपाशी जाऊन ओकले. नवरा चहा प्यायला म्हणून गेला होता. पुढं वॉर्डात हनुवटीखालून नळी काढलेली होती, तिच्यातून पू यायचा, आणि सिरिंजनं तोंडात पाणी मारून ते भांड्यात धरायला लागायचं. ते मीच धरायची. लोक म्हणतात, सेवा करताना किळस निघून जाते. माझी गेली नाही. रोज धरायचे, रोज ओकायचे, परत येऊन धरायचे. सासूबाई सलाईनच्या नळीतून आत जाणाऱ्या औषधाकडं बघत असायच्या आणि मी ओकून आले की डोळ्यांनीच विचारायच्या, बरं हाये का.

त्या वाचल्या. श्वास मोकळा झाला, तोंड हळूहळू उघडायला लागलं, आवाज पहिल्यासारखा झाला. सलाईन काढल्यावर डॉक्टरबाईनं पुन्हा त्याच पिवळ्या गोळ्या लिहिल्या. "गोळी वाईट नव्हतीच," ती म्हणाली. "आता गिळताना समोर बसून बघा." मग मी बसायला लागले. गोळी जिभेवर, पाणी, घोट, आणि मग मी म्हणायची, "आ करा." त्या आ करायच्या. मी वाकून आत बघायची. काळ्या हिरड्या, उरलेले चार दात, जिभेखाली, गालात. ज्या तोंडाकडं मी इतकी वर्षं बघायचं टाळलं होतं ते आता मला पाठ झालं.

दवाखान्यातून निघायच्या आदल्या दुपारी त्या उठून बसल्या होत्या. चांगल्या दिसत होत्या. मी गोळी हातात दिली तर ती उलटीसुलटी करून बघत राहिल्या.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "ही पोटातून गालात जाती कशी? मला कुणी नीट सांगितलंच न्हाई. तू वरडली तेवढं."

मला पहिल्यांदाच वाटलं की बाईला खरंच कळून घ्यायचंय. मी म्हणाले, "आपण ठिबकला खत कसं देतो? पऱ्हाटीच्या प्रत्येक झाडाला जाऊन हातानं लावतो का?"

"न्हाई. टाकीत सोडतो."

"टाकीत सोडलं की?"

"पाण्यासंगं नळीतून जातं. पार शेवटच्या झाडाच्या बुडाला जातं."

"मग तसंच. पोट म्हणजे टाकी. रक्त म्हणजे पाणी. गालापर्यंत बराबर जातं."

त्यांना पटलं. चेहऱ्यावर दिसलं मला, चटकन पटलं. "अगं, एवढं सोपं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या हसल्या. मीही हसले. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी एका गोष्टीला एकाच वेळी हसलो असू असं मला आठवत नाही.

मग त्या हसायच्या थांबल्या. गोळी तळहातावर तशीच होती.

"मंग यांच्या पायाला?" त्या म्हणाल्या.

माझे सासरे पायाच्या जखमेनं गेले. ऊस तोडताना कोयता घोट्याला लागला होता, साखर होती अंगात, जखम भरेना. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, भरपूर, आणि घरात सगळे म्हणायचे की गोळ्या चालू आहेत. पाय काळा पडत गेला. त्यांच्या पट्ट्या मी धुवायची, नाकाला फडकं बांधून. त्या पट्ट्यांवर जखमेच्या बाजूला पांढरा लगदा चिकटलेला असायचा. मला वाटायचं बोरिक पावडर आहे.

"त्या गोळ्या म्याच कुटल्या," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या. रोज जखम धुवून आतपतुर भरायची. एक दिवस चुकवलं न्हाई म्या. त्यांना दुखायचं, वरडायचे, तरी भरायची." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्या पोटात टाकायच्या व्हत्या का गं?"

मी मनातलं लपवणारी बाई नाही. खोटं मला जमत नाही, आणि सासूबाईंइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले. "त्या वेगळ्या गोळ्या होत्या. जखमेत भरायच्याच होत्या."

"बराबर?"

"बराबर."

त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, गिळली. मी काही म्हणायच्या आतच त्यांनी आ केला. मी वाकून बघितलं. आत काही नव्हतं. मी मागं सरले तरी त्या तशाच तोंड उघडं ठेवून बसल्या होत्या, डोळे माझ्यावर रोखलेले.

"गेली गोळी," मी म्हणाले. "मिटा आता."

"पोटात गेली?"

"पोटात गेली."

त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडं कूस केली.